काळ्या कॉफीची दृष्ट

"सुषे, शेस ना वं?"

भिंतीपलीकडून बापाचा आवाज यायचा. आहेस ना गं, एवढंच तो विचारायचा. पारोळ्याकडचं गाव, उन्हं कलायला आलेली, आत सुईण, आई आणि दोन काक्या, आणि सुषमाच्या पहिल्या बाळंतपणाच्या कळा. तिचा बाप धुडकू जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा दांडगा गडी. पण त्या दिवशी भिंतीला कान लावून लहान पोरासारखा उभा होता. जरा शांत झालं की लगेच विचारी, "सुषे, शेस ना?"

काक्या हसून हसून बेजार. "धुडकूभाऊ, ती कोठे जाई? आठेच शे."

"तुम्ही नका सांगू. तिले बोलू द्या."

मग कळ ओसरली की सुषमा कशीबशी म्हणे, "शे, बा." तेवढ्यानं भिंतीपलीकडचा श्वास ऐकू येई. पुढं गावानं या गोष्टीची पुष्कळ थट्टा केली. धुडकूला तिची लाज कधी वाटली नाही.

त्या दिवशी जन्मली ती मयुरी. आज मयुरीलाच सातवा महिना लागला होता. ती उधन्याला भाड्याच्या खोलीत पाय वर करून बसलेली असे, आणि इकडे त्याच शहरातल्या भेस्तानला तिचा बाप, म्हणजे सुषमाचा नवरा, शांतपणे कॉफी पीत असे.

'शांतपणे' हा शब्द त्याचा, कुंदनचा. सुषमाचा शब्द वेगळा होता, आणि तो ती फक्त भांडी घासताना वापरायची.

कॉफी हे या घरातलं जुनंच सोंग. कुंदन जवळच्या सचिन भागातल्या एका साडीच्या मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यावर होता. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकत जाणारं कापड, आणि कुठं डाग दिसला, कुठं धागा तुटला, की बोट ठेवायचं. ज्या वर्षी तो सुपरवायझर झाला त्या वर्षी त्याला ऑफिसातल्या मशीनची कॉफी मिळायला लागली, आणि घरचा चहा त्याच्या जिभेवरून उतरला. घरातल्या सगळ्यांचं आधण एक, त्याचं वेगळं. दूध दाट, साखर वर तरंगेल एवढी. तोवर ठीक होतं. माणसाला एखादी हौस असते.

मग मयुरीनं लग्न केलं. साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं ती कॉम्प्युटरवर काढायची, तिथं मशीन चालवणारा वैभव, परभणीकडचा, जात वेगळी. दोघं कोर्टात जाऊन सही करून आली आणि पेढे घेऊन दारात उभी राहिली. कुंदन ओरडला नाही, हात उगारला नाही. पेढ्यांकडे त्यानं टेबलावरच्या कापडाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "माझ्याकडून विषय संपला." डागाचं कापड बाजूला काढायची सवयच त्याला. पोरगी पेढ्यांसकट परत गेली.

त्यानंतर त्याला फोनमध्ये गुरुजी भेटले.

गुरुजी म्हणजे तिशीचा एक दाढीवाला पोरगा. पांढरा शर्ट, मागं पुस्तकांचं कपाट, खालून हळू पियानो, आणि प्रत्येक वाक्यानंतर इतका थांबायचा की सुषमाला वाटे नेट गेलं. तो हिंदीत सांगायचा, की जुन्या रोममध्ये स्टोइक नावाची माणसं होती, त्यांना दुःख शिवत नसे. तुम्हीही तसे होऊ शकता. सकाळची कॉफी घ्या. ती प्यायची घाई करू नका. कप दोन्ही हातांत धरा. विचारा, आज माझ्या हातात काय आहे. विचारा, माझ्या हातात काय नाही, आणि ते वाफेबरोबर सोडून द्या. मग सगळ्यात वाईट ते डोळ्यांसमोर आणा. आपलं माणूस गेलं आहे असं समजा. मनात नको, मन लबाड असतं, तोंडानं म्हणा. मग पहिला घोट घ्या. त्या दिवशी तुम्हाला कोणी हरवू शकणार नाही.

कुंदननं दूध सोडलं, साखर सोडली. राखेच्या रंगाचा एक जाड मग आणला. पहाटे नळाचं पाणी भरून झालं की तो ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसे. समोरच्या रस्त्यावर टेम्पोत कापडाचे गठ्ठे चढत असत, कुत्री आळस देत असत, दूधवाला बोंब मारत असे. आणि या सगळ्याच्या मधोमध कुंदन रोमला जाई. काळं पाणी घशाखाली उतरताना त्याचं तोंड असं होई की पाहणाऱ्याला वाटावं, यांच्या घरात कोणीतरी खरंच गेलंय.

पहिल्या दिवशी त्यानं आईचं नाव घेतलं.

पार्वतीबाई शेजारीच बसून मेथी निवडत होत्या. "समजा, आज माय गेली," कुंदन कपाला म्हणाला.

"कोठे गई?" पार्वतीबाईंनी मान वर केली.

"कुठे नाही गं. समजायचं फक्त."

"काय समजानं?"

"की तू वारलीस."

पार्वतीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "सुषमा, हाऊ काय बोली राह्यना वं? मी जित्ती शे."

"माय, मरण आपल्या हातात नाही. मी नुसती तयारी करतोय."

"तयारी माले करू दे. मरनार मी शे ना."

त्यानं रोमच्या लोकांचं सांगितलं. मोठमोठे राजे, सरदार, सगळे रोज सकाळी असंच करायचे म्हणाला. पार्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यासले माय व्हती का नही?"

मग त्यांनी सुनेला मीठ-मोहऱ्या-मिरच्या आणायला लावल्या. भल्या सकाळी, उपाशी तोंडी, पोटच्या पोरानं मरणाचं नाव घेतलेलं. ते उतरवल्याशिवाय त्या पाणी प्यायल्या नसत्या. आपली दृष्ट आपल्याला काढता येत नाही, म्हणून सुषमानं काढली. मिरच्या तव्यावर पडल्या, धूर ओट्यापर्यंत आला, आणि कुंदनचं चिंतन खोकल्यात बुडालं.

दुसऱ्या दिवशी सुषमाची पाळी. ती आत कणीक तिंबत होती, खिडकी उघडी होती.

"समजा, आज सुषमा गेली," बाहेरून ऐकू आलं. थोडा वेळ थांबला, गुरुजीसारखा. "उंबरा तोच. चूल तीच. डबा मेसमधून येईल. मी शांत आहे."

सुषमाचे हात परातीत थांबले. मरणाचं तिला काही वाटलं नाही. बाईमाणूस मरणाच्या गोष्टी करतच मोठी होते. पण वाफ विरायच्या आत त्यानं डबा लावला होता. कणकेचे हात तसेच घेऊन ती दारात आली.

"कोणत्या मेसचा लावाल?"

"काय?"

"नाही, नंतर विचारता यायचं नाही म्हणून. पांडेसऱ्याच्या मेसमध्ये भाजीत सोडा घालतात. तुम्हाला चालायचा नाही."

"तुला यातलं कळायचं नाही, सुषमा."

"मेलेल्याला काय कळणार," ती म्हणाली आणि आत गेली. पार्वतीबाई मुठीत मीठ घेऊन तयारच होत्या. त्यांनी सुनेला पाटावर बसवलं, तीनदा उतरवलं, आणि त्या दिवसापासून त्यांचा एक नवाच मंत्र सुरू झाला: "उठल्या तोंडनी, बसल्या तोंडनी, काळा पानीना कपनी, दिष्ट निंघी जावो." लेकानं सकाळी मारायचं आणि आईनं चुलीपाशी जिवंत करायचं, असा घरात नियम झाला.

सुषमाच्या तोंडात ओव्या आपोआप यायच्या, जात्यावरच्या बायकांत वाढलेली ती. ओटा झाडताना, खुर्चीतल्या नवऱ्याला वळसा घालताना, ती गुणगुणायची:

कपात काळं पाणी, वर वाफेची गं वेल
माझ्या घरधन्यानं केला मरणाचा खेळ.

कुंदनला ती भजन म्हणतेय असं वाटे.

शेजारच्या मालतीबाईंना तर करमणूकच झाली. त्या भिंतीवरून कपडे वाळत टाकताना रोज विचारत, "काय सुषमाताई, आज कोण?"

"आज स्कूटर गेली."

"अरेरे. वय काय होतं?"

एकदा घरातली सगळी माणसं मारून झाल्यावर कुंदननं मालतीबाईंच्या नवऱ्याचं नाव घेतलं. मालतीबाई म्हणाल्या, "असं का? मग आज दोन भाकरी कमी टाकते." पार्वतीबाईंनी मात्र गंमत मानली नाही. मालतीबाईंच्या नवऱ्याला बोलावून, दाढीचा साबण तोंडाला तसाच असताना, त्यांनी त्याचीही दृष्ट काढली. कुंदन स्वतःच्या डोळ्यांवर बोलला, नोकरीवर बोलला, एक दिवस स्वतःवरच बोलला. तेव्हा म्हातारीनं दोन मुठी मीठ जाळलं.

मयुरीचं नाव मात्र त्यानं कधी घेतलं नाही.

सुषमा उधन्याला जाऊन येत असे. ती पिशवी घेऊन निघे तेव्हा कुंदन कुठे जातेस विचारत नसे, आणि आल्यावर कशी आहे विचारत नसे. एका दुपारी मयुरीचा फोन आला. "मम्मी, सातवा लागला." इकडचं तिकडचं बोलली. पायांना सूज येतेय, डॉक्टर म्हणाली बीपीवर लक्ष ठेवा, एकटं राहू नका. वैभवला आई नाही, आणि त्याची ड्यूटी सकाळी लागायची ती दिवेलागणीला सुटायची. बोलणं संपलं. ती येऊ का म्हणाली नाही. ते विचारायचं नसतं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात माहेरचं माणूस न्यायला जातं, पहिलटकरणीनं दार ठोठावायचं नसतं. तिची अट नव्हती की मागणं नव्हतं. नुसता सातवा लागल्याचं तिनं कळवलं, आणि पलीकडं वाट पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुषमा ओट्यावर गेली. कुंदनच्या हातात कप होता, वाफ निघत होती.

"मयुरीला आणायचं आहे," ती म्हणाली. "सातवा लागला."

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. "समाजातले लोक काय बोलतील, ते माझ्या हातात नाही."

"बरं."

"तिनं जे केलं, तेही माझ्या हातात नव्हतं."

"बरं."

"तिच्या तब्येतीचं डॉक्टरांच्या हातात आहे. मग मी मनाला का त्रास करून घेऊ?"

"आणि घराच्या दाराची कडी कोणाच्या हातात आहे हो? रोमच्या राजाच्या?"

कुंदननं घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण ते कॉफीनं. "राग तुझा आहे," तो म्हणाला, "तो मी माझा करून घेणार नाही."

सुषमा त्याच्याकडे बघत राहिली. तिनं आयुष्यात भित्री माणसं पुष्कळ पाहिली होती. शेठसमोर भिणारी, पोलिसाला भिणारी, पावसाला भिणारी. पण भीतीला इस्त्री करून घालणारा माणूस हा पहिलाच. भावकीत मान खाली जाईल, एवढ्या एका भयानं बसलेला बाप. आणि त्याला नाव काय, तर शांती. 'हातात नाही' म्हणत राहिलं की हात कसे स्वच्छ राहतात.

सातव्या महिन्याला लेक चालते जपून
तिच्या वाटेवरचं दार कोण ठेवतं लोटून.

ही ओवी तिनं मोठ्यानं म्हटली नाही. म्हणता म्हणता रडू फुटलं असतं, आणि त्याच्यासमोर रडायची तिची इच्छा नव्हती. त्यानं तेही चिंतनात घातलं असतं.

पार्वतीबाईंची काळजी वेगळ्याच वाटेनं चालली होती. त्यांचा हिशेब साधा. ज्याचं ज्याचं नाव कुंदननं घेतलं, त्याचं त्याचं त्यांनी उतरवलं, आणि सगळं ठणठणीत होतं. त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. सुषमाचा खोकला गेला. स्कूटर एका किकमध्ये सुरू व्हायला लागली. मालतीबाईंच्या नवऱ्याला तर बढती मिळाली.

"सगळासले वाचाडं मी," त्या सुनेला म्हणाल्या. "ती एकलीच उघडी शे."

"मग तिची काढा ना, आत्या. नाव नाही घेतलं म्हणून काय झालं?"

"आसं नही चालत. नाव लिधाबिगर दिष्ट लागत नही, नि लागी नही ती निंघत नही."

सासूच्या शास्त्रात चूक सापडली तरी ती दाखवायची सोय नव्हती, कारण स्कूटर खरोखर एका किकमध्ये सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई खुर्चीच्या पायाशी येऊन बसल्या. मूठ मिटलेली.

"कुंदन, आज मयुरीले मार."

कप अर्ध्या वाटेत थांबला. "माय, काहीतरी बोलू नकोस."

"तू रोज बोलस ते चालस. तिलेबी मार एकदा. मी मीठ लिसनी बठेल शे."

"तो विषय संपलेला आहे. संपलेल्या विषयाचं चिंतन करत नसतात."

"संपेल शे तर नाव काबर लेत नही? मेलेलानं नाव तर लोक मोकळं लेतस."

कुंदननं कपातून नजर वर नेली. मग खाकरून म्हणाला, "समजा, आज वरचा पंखा गेला."

"पंखानी दिष्ट मी नही काढाव," म्हातारी म्हणाली आणि मूठ तशीच घेऊन आत निघून गेली.

सुषमा त्या आठवड्यात पुन्हा उधन्याला गेली. मयुरीच्या खोलीत खिडकीशी भरतकामाच्या सुताच्या रिळांची रांग होती, रंगारंगाची, वैभवनं कारखान्यातून उरलेली आणलेली. बाळाच्या झबल्यांवर ती स्वतः काहीबाही भरत होती. सुषमानं तिचा पाय मांडीवर घेतला, घोट्याशी अंगठा दाबला. खळगा पडला. अंगठा काढला तरी खळगा भरून यायला वेळ लागला.

"पप्पा अजून कॉफी पितात?" मयुरीनं विचारलं.

"पितात. काळी."

"काळी? आणि साखर?"

"सोडली."

मयुरीनं हातातलं झबलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळे?"

"नाही गं बाई. रोमच्या लोकांमुळे."

दोघी हसल्या. सुषमानं सगळं रंगवून सांगितलं, पंखासुद्धा. मयुरी पोट धरून हसत होती, आणि हसता हसताच तिनं आईचा हात पकडला. बोटंही सुजलेली, अंगठी रुतलेली.

"मम्मी, माझं नाव घेतात का गं?"

सुषमा म्हणाली, "नाही."

"बरं आहे," मयुरी म्हणाली. "म्हणजे मी मरत नाही." आणि तोंड फिरवून रिळं नीट लावायला लागली, जी आधीच नीट लागलेली होती. "तेव्हा तू जवळ असशील ना? आत नाही येऊ देणार तुला, पण बाहेर तरी. मला भीती वाटते."

रिक्षात बसल्यावर सुषमाला रस्ता दिसत नव्हता. उधन्याची गर्दी, उड्डाणपूल, दुकानाबाहेर लटकवलेल्या लेहेंग्यांचे रंग, सगळं एकात एक मिसळत होतं. भेस्तान येईस्तोवर तिचं ठरलं.

सकाळी कुंदन आंघोळ करून बनियनवर ओट्यावर आला, तर खुर्चीत सुषमा बसलेली. राखेच्या रंगाचा मग तिच्या दोन्ही हातांत. वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"ऊठ," तो म्हणाला. "मला बसायचंय."

"बसा तिथं ओट्यावर. आज माझी कॉफी आहे."

"सुषमा, सकाळी सकाळी तमाशा नको."

"तमाशा कुठे? चिंतन आहे." तिनं डोळे मिटले. "आज माझ्या हातात काय आहे? हा कप आहे. माझ्या हातात काय नाही? तुम्ही नाही. सोडून दिलं." ती थांबली, गुरुजी थांबतो तेवढं. "समजा, आज मयुरी गेली."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पार्वतीबाई मिठाच्या बरणीकडे धावल्या होत्या.

"काय बोलतेस तू?" कुंदन म्हणाला.

"मध्ये बोलू नका, मन लबाड असतं. समजा, आज मयुरी गेली. बाळंतपणात. फोन वैभवचा येईल. मी उचलेन, तुम्ही उचलणार नाही. तुम्ही कालचाच शर्ट घालाल, कारण तुम्हाला दुसरा मिळणार नाही, मी देणार नाही. मी जाईन. दवाखान्याच्या दारात बायका बाजूला सरून मला वाट देतील. त्यातली एखादी विचारेल, मावशी, पहिलटकरीण होती, माहेरी का नाही नेली? मी सांगेन, तिच्या वडिलांच्या हातात नव्हतं."

"गप बस."

"तिच्या खोलीत झबली असतील. त्यावर तिनं स्वतः मोर भरलेत, एकाची मान अजून अर्धी आहे. ती मी पिशवीत घालून आणीन. इथं कुठं ठेवायची ते तुम्ही सांगाल. मग सकाळ होईल. नळ येईल. उंबरा तोच, चूल तीच. तुम्ही कॉफी कराल. तुम्ही शांत असाल."

"सुषमा, गप बस म्हणतो ना."

तिनं डोळे उघडले आणि घोट घेतला. तोंड कसंतरी झालं. "शी. हे रोज पिता तुम्ही? कशासाठी हो? एका पोरीला घरात न घेण्यासाठी एवढी मेहनत?"

भिंतीवरून मालतीबाईंचं डोकं वर आलं. "काय सुषमाताई, आज को—" त्यांनी दोघांकडे पाहिलं. पुढचं अक्षर त्यांनी गिळलं, ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि हळूच खाली गेल्या.

आतून मिरच्यांचा धूर यायला लागला. पार्वतीबाई तव्यापाशी नातीचं नाव घेऊन बडबडत होत्या. किती दिवसांनी त्या घरात ते नाव मोठ्यानं चाललं होतं. कुंदन ओट्याच्या कडेवर बसला. बनियन ओलं होतं, केसांतून पाणी टपकत होतं. सुषमाला वाटलं, आता हा गुरुजीचं काहीतरी काढील. तिनं त्यासाठी शब्दही तयार ठेवले होते, चांगले धार लावलेले.

पण तो म्हणाला, "रोज तिचंच नाव येतं आधी."

सुषमानं कप मांडीवर टेकवला.

"कप हातात घेतला की तिचंच येतं. पहिल्या दिवसापासून. ते तोंडात येऊ नये म्हणून मायचं घेतलं. मग तुझं घेतलं. तुमची घेता येतात. सोपी आहेत."

"आमची सोपी आहेत," सुषमा म्हणाली. "चांगलं झालं कळलं. मला पंख्याच्या ओळीत बसवलंत म्हणजे."

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. हातांकडे पाहत होता, तळवे वर करून, जसं कापडाच्या टेबलावर काहीतरी सापडलंय आणि ते कुठं ठेवायचं ते कळत नाही.

"मी आज तिला आणायला जातेय," सुषमा उठली. "रिक्षा सांगितली आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगतेय. संध्याकाळी ती या घरात असेल. तुम्हाला मिलमध्ये झोपायचं असेल तर झोपा."

"मी येऊ?"

"कशाला? तिथं काळी कॉफी मिळत नाही."

"खाली थांबेन. वर नाही येणार."

"आणि समजा, तुम्हाला बघून ती नाही म्हणाली? म्हणाली, या माणसाबरोबर मी येत नाही. दोन वर्षं ज्यानं नाव घेतलं नाही त्याच्या घरात बाळंत होत नाही. ते तर सगळं तिच्या हातात आहे, तुमच्या नाही." तिनं कॉफीचा मग त्याच्या शेजारी ठेवला. "तेव्हा शांत राहाल ना? एवढे दिवस तालीम केलीत."

कुंदननं मान खाली घातली. सुपरवायझर झाल्यापासून तो घरातसुद्धा मिलमधलीच भाषा बोलायचा. आईशी, बायकोशी, सगळ्यांशी. आता त्याच्या तोंडातून निघाले ते शब्द गावाकडचे होते, आणि इतके हळू, की सुषमाला वाकावं लागलं.

"नही," तो म्हणाला. "नही ऱ्हावाव मी शांत. माले भ्याव लागस, सुषमा. ती नही म्हनी तरी चाली, पन तिले काही व्हयनं ना, तर माले सहन नही व्हनार."